सगळेच काही पित्त नसते!

आमच्या घरात एक शब्द घरगड्यासारखा राबतो. सकाळी आईचे डोके दुखू लागले, की तिला पित्त झालेले असते. दुपारी धाकट्याच्या अंगावर लाल गांधी आल्या, की त्याच्या अंगावर पित्त उठलेले असते. एसटीत बसल्यावर सौ.ला मळमळते, तेही पित्तच. संध्याकाळी तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पाहून माझा आवाज चढला, तर माझे पित्त खवळते. आणि रात्री जेवून आडवे झाल्यावर छातीच्या मधोमध जळजळ होऊन काहीतरी आंबट घशाशी आले, तर त्याचेही नाव तेच.

मी मराठीचा प्राध्यापक. एका शब्दाला अनेक अर्थ असणे ही भाषेची श्रीमंती आहे, असे गेली कित्येक वर्षे वर्गात सांगत आलो आहे. परंतु शब्दाच्या या श्रीमंतीपायी एखादा माणूस हातचा जाऊ शकतो, हे मला २०१८ साली कळले.

मार्च महिना होता. परीक्षांचे दिवस. आमचे धामणगाव रेल्वेच्या रुळांशेजारी वाढलेले. एका बाजूला बडनेरा, दुसऱ्या बाजूला वर्धा. यवतमाळकडे जाणारी मंडळी इथे गाडीतून उतरतात आणि पुढची मोटार धरतात. मार्चमध्ये इथे ऊन असे पडते की दुपारी कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. त्या दुपारी आम्ही चारपाच जण प्राध्यापकांच्या खोलीत डबे उघडून बसलो होतो. इतिहासाचे एक ज्येष्ठ प्राध्यापक माझ्या शेजारी होते. झुणका, भाकर, ठेचा असा आमचा नेहमीचा वऱ्हाडी थाट. जेवण झाले आणि ते छातीवर हात चोळत म्हणाले, “राजेहो, लय जळजळ होऊन रायली. पित्त झालं वाटते.”

त्यांच्या कपाळावर घाम होता. पण मार्चमध्ये वऱ्हाडात घाम कोणाला नसतो? ते मधूनमधून डावा जबडा दाबत होते. आम्ही दाढ दुखत असेल म्हणून गप्प राहिलो. मी शिपायाला पिटाळून सोड्याची बाटली आणि लिंबू मागवले. त्यांनी ते घटाघटा घेतले, एक दणदणीत ढेकर दिली आणि म्हणाले, “आता बरं वाटलं.” आम्ही हसलो. त्या ढेकरेने आम्ही दोघेही फसलो. चार वाजता ते स्कूटरवरून घरी गेले, अंमळ पडतो म्हणाले आणि संध्याकाळच्या चहाला उठलेच नाहीत. डॉक्टर येऊन हृदयविकाराचा झटका म्हणून सांगून गेले.

सोडा मी मागवला होता. ही गोष्ट मी पुष्कळ दिवस कोणाला सांगितली नाही. त्यांच्या पत्नीला तर नाहीच नाही.

यानंतर सहा वर्षांनी, २०२४ च्या जानेवारीत, माझी पाळी आली. एका स्नेह्याच्या शेतात रोडग्यांचा बेत होता. ज्यांनी वऱ्हाडचे रोडगे खाल्ले नाहीत त्यांना ते काय प्रकरण आहे हे सांगून कळणार नाही. कणकेचे थरावर थर दिलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे, त्यावर तुपाची धार आणि सोबत वांग्याची तिखटजाळ भाजी. काम सावकाशीचे असल्याने पंगत बसायला रात्रीचे दहा वाजून गेले. थंडी होती, भूक होती, आग्रह होता. घरी येऊन साडेअकराला मी अंथरुणावर पडलो आणि दोनच्या सुमारास दचकून उठलो. छातीच्या हाडामागे कोणी निखारा ठेवावा तशी आग आणि तोंडात आंबटकडू पाणी.

मी सवयीने म्हणालो, “पित्त झालंय, जरा सोडा दे.” सौ. उठली. पण स्वयंपाकघराकडे न जाता तिने शेजाऱ्यांचे दार वाजवले. “सोडा नाही. आधी दवाखाना,” एवढेच ती म्हणाली. त्या दुपारची हकीकत मी एकट्या तिलाच सांगितलेली होती.

त्या रात्री माझा ईसीजी निघाला. काही तासांनी पुन्हा निघाला. रक्त तपासले गेले. हृदय ठणठणीत होते. सकाळी घरी येताना मला थोडी लाजच वाटली, रोडग्यांपायी अख्ख्या आळीची झोपमोड केली म्हणून! पण पुढे ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी माझी ती लाज पार घालवली.

हे डॉक्टर अमरावतीला असतात आणि अकरावीत माझ्या मराठीच्या तासाला मागच्या बाकावर बसत. त्यांनी सगळे कागद पाहिले आणि म्हणाले, “सर, आज मी तुम्हाला प्रश्न विचारतो. पित्त म्हणजे काय?”

“घशाशी येतं ते आंबट पाणी,” मी म्हणालो.

“नापास!” डॉक्टर हसून म्हणाले. “पित्त यकृतात तयार होतं. हिरवट-पिवळं, चवीला कडू आणि गुणानं किंचित क्षारधर्मी. ते जठराच्या पुढं लहान आतड्यात उतरतं आणि तूप-तेल पचवायला मदत करतं. क्वचित तेही वर येतं, नाही असं नाही. पण तुमच्या छातीत आग लावली ती जठरातल्या आम्लानं. तुम्ही आयुष्यभर भलत्याच माणसावर फिर्याद करीत आलात.”

मग त्यांनी पाकिटाच्या पाठीवर चित्र काढून दाखवले. घशापासून खाली सुमारे पंचवीस सेंटीमीटर लांबीची अन्ननलिका. ती छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यातून खाली जाते आणि जठराला मिळते. या सांध्यावर स्नायूंचे एक कडे असते. घास आला की ते सैल होते, घास गेला की आवळते. जठरात दिवसाला दीडदोन लिटर पाचकरस पाझरतो आणि त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीत असते तेच. जठराला आतून चिकट बुळबुळीत अस्तर असल्याने त्याला त्याचे काही वाटत नाही. अन्ननलिकेला तसले अस्तर नाही. ते कडे नको तेव्हा सैल पडले, की आम्ल वर चढते आणि अन्ननलिका भाजते.

यातली एक गोष्ट मला अगदी नवी होती. जळजळीचा त्रास असणाऱ्या पुष्कळांच्या जठरात आम्ल चार लोकांपेक्षा जास्त मुळीच नसते. ते असायचे तितकेच असते. फक्त नसावे तिथे पोचलेले असते. म्हणजे ‘पित्त वाढले’ हे जसे चूक, तसेच आजकाल जो तो म्हणतो ते ‘अॅसिडिटी वाढली’ हेही बहुधा चूकच. आम्लाचे प्रमाण चुकलेले नसते, जागा चुकलेली असते.

जठरात आम्ल असते हे तरी माणसाला कधी कळले? इंग्लंडातल्या विल्यम प्राउट नावाच्या डॉक्टराने १८२४ साली ते हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच सुमाराला अमेरिकेत एक विलक्षण प्रकार चालू होता. १८२२ साली अॅलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या एका तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. कातड्याच्या व्यापारात काम करणारा हा गडी वाचला, पण जखम भरताना पोटाला एक भोक कायमचे राहिले. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टराने त्या भोकातून रेशमी दोऱ्याला मांसाचे तुकडे बांधून आत सोडले आणि ते किती वेळात विरघळतात हे वर्षानुवर्षे पाहिले. १८३३ साली त्याने यावर ग्रंथ लिहिला. त्या बिचाऱ्या सेंट मार्टिनला या प्रयोगांचा विलक्षण कंटाळा येई आणि तो चिडला, की पचनाची गती बदलते हेही बोमाँटने टिपून ठेवले. (आमच्या ‘पित्त खवळण्या’ला एवढा तरी आधार आहे म्हणायचा.)

आपल्याकडे माधवनिदानात अम्लपित्ताचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात वर जाणारे आणि खाली जाणारे असे दोन प्रकार केले आहेत आणि वर जाणाऱ्या प्रकारातली आंबटकडू ढेकर, छाती आणि घसा यांचा दाह हे सगळे ओळखू येते. वैद्यांच्या शास्त्रात ‘पित्त’ या संज्ञेचा अर्थ फार व्यापक आहे आणि तो त्यांच्या चौकटीत नीट बसतो. घोटाळा केला तो आपण. त्यांची संज्ञा आपण घरात आणली आणि डोकेदुखीपासून गांधींपर्यंत सगळ्यांवर चिकटवून टाकली. इंग्रजी बोलणारेही काही शहाणे नाहीत. या जळजळीला ते चक्क ‘हार्टबर्न’ म्हणतात, म्हणजे हृदयाची जळजळ. अन्ननलिका आणि हृदय छातीत इतके शेजारी आहेत, की कोण ओरडते आहे हे भल्याभल्यांना कळत नाही.

मी डॉक्टरांना विचारले, “म्हणजे ठेचा बंद?” वऱ्हाडी माणसाच्या दृष्टीने हा जीवनमरणाचा प्रश्न होता.

“ज्याला मिरची बाधते त्याने ती कमी करावी,” ते म्हणाले. “सगळ्यांना सरसकट बाधत नाही. सर, तुमच्या शेतावरचा गडी काय खातो?”

मी विचार करू लागलो. आमचा गडी दुपारी बांधावर बसून दोन ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि कांदा खातो. माझ्यापेक्षा दुप्पट मिरची खातो. पण जेवल्यावर तो उठून कपाशीत जातो आणि संध्याकाळपर्यंत उभा असतो. मी जेवून आडवा होतो. मिरची तीच, पण तो उभा असताना आम्ल खाली राहते आणि मी निजलो, की जठर आणि घसा एका पातळीवर येतात. त्यातून पोट तट्ट भरलेले असले, की ते स्नायूंचे कडे वारंवार सैल पडते. तुपातुपाचे, तळलेले जेवण जठरातून लवकर पुढे सरकत नाही. वर वाढलेले पोट आणि त्यावर आवळलेला पट्टा. गोळाभातावर कढत तेलाची धार घेणाऱ्या, रात्री उशिरा तर्री ओरपणाऱ्या आम्हा मंडळींचे सगळे गणित असे बिघडलेले असते.

डॉक्टरांनी मला घातलेले पहिले पथ्य पदार्थाचे नव्हतेच, घड्याळाचे होते. रात्रीचे जेवण आणि झोप यांत निदान अडीचतीन तासांचे अंतर. आमच्या बाजारपेठेतली जैन कुटुंबे दिवस मावळायच्या आत जेवतात. आम्ही त्यांची थट्टा करीत असू. आता आमच्याकडे साडेसातला पाने मांडली जातात.

दुसरे पथ्य ऐकून मात्र मी चाट पडलो. “कुशीवर झोपायचं तर डाव्या कुशीवर झोपा,” ते म्हणाले. डाव्या कुशीवर जठराची पिशवी अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहते. उजव्या कुशीवर उलटे होते. मी म्हणालो, “अहो, हीच तर वामकुक्षी!” वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. हा शब्द मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिला, त्याचा विग्रह केला, आणि दुपारी घरी जाऊन खुशाल उजव्या कुशीवर घोरत पडलो! आणि शतपावली? तीही त्याच घरातली. जेवल्यावर सावकाश चालले, की पोट हलके होते. आपल्या पूर्वजांना स्नायूंचे कडे ठाऊक नव्हते. परंतु जेवल्यावर काय केले म्हणजे बरे वाटते याचा अनुभव त्यांनी दोन शब्दांत बांधून ठेवला होता. भाषेने मला एका शब्दाने फसवले आणि दोन शब्दांनी सावरले म्हणायचे. एवढे मात्र खरे, की वामकुक्षीसुद्धा शेवटचा घास गिळल्याबरोबर घ्यायची नाही.

तिसरा उपाय आमच्या आईच्या उपयोगी पडला. तिला वर्षानुवर्षे रात्रीचा कोरडा खोकला. अडुळसा झाला, काढे झाले, छातीची चित्रे काढून झाली. डॉक्टरांनी सहज विचारले, “आईंचा खोकला झोपल्यावरच वाढतो का?” घशापर्यंत चढणाऱ्या आम्लाने असा खोकला होऊ शकतो, सकाळी आवाज बसू शकतो आणि छातीत जळजळ मुळीच नसेल असेही होते. त्यांनी आईच्या खाटेची उशाकडची बाजू सहा इंच वर करायला सांगितली. नुसत्या उशा वाढवून भागत नाही. त्याने मान तेवढी वाकते आणि पोट दुमडते. पायाखाली विटाच हव्यात.

मी दोन खुरांखाली दोन-दोन विटा लावू लागलो, तशी आई संतापली. “काऊन रे, मले काय घसरगुंडीवर झोपवतं? माह्या सासूनं असं कधी केलं नाही!” पहिल्या रात्री ती खरोखरच पायथ्याकडे घसरली. तिसऱ्या आठवड्यात मात्र मी पाहिले, तर ती शेजारणीला सांगत होती, “तुह्या नवऱ्याच्या खाटेले बी इटा लाव.” तिचा खोकला अजिबात गेला असे मी म्हणणार नाही. पण ती आता रात्रभर झोपते आणि त्यामुळे आम्हीही.

आता गृहिणींविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. आपल्या घरांतून सर्वांत शेवटी कोण जेवते? सौ. सकाळी उठून रिकाम्या पोटी दोन कप चहा घेते. सोमवारी, चतुर्थीला, एकादशीला उपास. आणि उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, तळलेला चिवडा. रात्री सगळ्यांची उठबस करून, उरलेसुरले संपवून ती साडेदहाला जेवायची आणि भांडी आवरून अकराला अंग टाकायची. वर आम्ही म्हणायचे, हिची प्रकृतीच पित्ताची! प्रकृती कसली, पंगतीतली जागा! ती आमच्याबरोबर पाटावर बसू लागल्यापासून तिची जळजळ निम्म्याने कमी झाली आहे. तिचे अर्धशिशीचे दुखणे मात्र वेगळे निघाले. त्याचे औषध वेगळे आहे, हेही ‘पित्त’ हा शब्द बाजूला ठेवल्यावरच कळले.

आमच्या भागातले दुसरे दुखणे म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला हा प्रकार कचेरीपासून कट्ट्यापर्यंत सगळीकडे चालतो आणि ‘याने जेवण पचते’ अशी वर समजूत! तंबाखूने ते स्नायूंचे कडे ढिले पडते. तोंडाच्या कर्करोगाची गोष्ट तर वेगळीच. दारूही त्याच माळेतली.

औषधांबद्दल मी अधिकाराने काही बोलू नये हे बरे. जे विचारून घेतले तेवढे सांगतो. खायचा सोडा आम्ल मारतो, पण त्यातून वायू सुटून पोट फुगते, आणि त्यात सोडियम असल्याने रक्तदाबाच्या माणसाने तो वरचेवर घेणे बरे नाही. थंड दुधाने घटकाभर बरे वाटते; मग जठर पुन्हा आम्ल सोडते. आम्ल तयार होणेच कमी करणारी औषधे १९७६ पासून बाजारात येऊ लागली आणि त्यांमागच्या संशोधनाचा वाटा असलेल्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच साली ओमेप्राझोल हे आणखी जोरदार औषध विक्रीस आले. आज आपण ‘खाली पोटीची गोळी’ म्हणतो ती याच कुळातली. ती सकाळी खाण्यापूर्वी अर्धा तास घ्यायची असते. जेवणानंतर घेतली, तर तिचा गुण पुरता येत नाही. माझी गोळी डॉक्टरांनी दोन महिन्यांनी हळूहळू कमी करीत बंद केली. एकदम सोडली तर आम्ल उसळून येते आणि माणसाला वाटते, की आपल्याला ती जन्माची लागली. काहींना ती खरोखर दीर्घकाळ लागतेही. मात्र ते ठरवायचे डॉक्टरांनी. औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने पाकिटामागून पाकिटे आणून वर्षानुवर्षे गिळू नयेत. ब-१२ जीवनसत्त्वासारख्या गोष्टी त्याने शरीरात कमी पडू शकतात.

घास अडकू लागला, वजन आपोआप उतरू लागले, उलटीत रक्त दिसले, शौचाला डांबरासारखे काळे झाले, किंवा अंगातले रक्त कमी झाल्याचे निघाले, तर मात्र घरगुती उपायांत एक दिवसही घालवायचा नाही. तिथे दुर्बिणीने आत पाहावे लागते.

निघताना मी डॉक्टरांना तो प्रश्न विचारला, जो सहा वर्षे माझ्या मनात होता. “त्या दिवशी ढेकर आल्यावर त्यांना बरं वाटलं होतं. ते कसं?”

डॉक्टर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सोडा प्याल्यावर हृदयाच्या दुखण्यातही ढेकर येते, सर. थोडं बरंही वाटू शकतं. त्यावरून काही ठरत नाही.” छातीत दाब किंवा जळजळ, आणि सोबत घाम, धाप, जबडा, खांदा वा डावा हात यांत जाणारी कळ, चालताना वाढणारे आणि थांबल्यावर ओसरणारे दुखणे, चाळिशी उलटलेला माणूस, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, यांपैकी काही असेल, तर ते हृदय आहे असे धरूनच चालायचे. बायकांत आणि मधुमेह्यांत तर नुसती मळमळ, थकवा आणि ‘पित्तासारखे’ वाटणे एवढेच दिसू शकते. अशा वेळी रुग्णाने स्वतः स्कूटर चालवायची नाही. १०८ क्रमांकाला दूरध्वनी करायचा. “ईसीजी साफ निघाला तर लाजू नका,” ते मला म्हणाले. “रात्री दोन वाजता रोडग्यांचा रुग्ण आला, तर आम्हाला आनंदच होतो.”

हा लेख लिहून झाल्यावर तो छापायला देण्यापूर्वी मला एका घरी जाणे भाग होते. गेल्या आठवड्यात मी कागद घेऊन आमच्या त्या प्राध्यापकांच्या घरी गेलो. वहिनी दिवाळीसाठी भाजणी निवडत बसल्या होत्या. मी म्हणालो, “वहिनी, हे आधी तुम्ही वाचा. नको म्हणालात तर देणार नाही.”

त्यांनी चष्मा लावून सगळे कागद सावकाश वाचले. सोड्याच्या जागी त्या थांबल्या, हे मला दिसले. कागद नीट जुळवून त्यांनी माझ्या हातात दिले.

“द्या छापायला,” त्या म्हणाल्या. मग भाजणीचे सूप पुढे ओढीत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “घरी आल्यावर पुन्हा जळजळतंय म्हणाले होते, भाऊजी. मीही सोडाच दिला होता.”